जायचं स्टूल

खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकली आणि मग ती ना वर जाईना, ना खाली येईना. साधी खुर्ची असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ही होती केस कापायच्या दुकानातली. लोखंडी पायाची, गोल फिरणारी, डोकं टेकायला उशी असलेली आणि वजनाला एखाद्या दुभत्या म्हशीएवढी. खालून तळमजल्याचा लाँड्रीवाला तिला रेटत होता, वरून खुर्चीच्या मालकांचा धाकटा मुलगा ओढत होता, आणि ते मालक, म्हातारे गृहस्थ, भिंतीला चिकटून, "सावकाश रे, तिचा पाय दुखावेल," असं म्हणत होते. रेटणाऱ्या दोघांच्या पायांची चौकशी कुणी केली नाही.

वरच्या कठड्यापाशी त्यांची सून उभी होती. गळ्यात माप घ्यायची टेप होतीच. ती झोपतानाच काय ती उतरायची. कपडे घट्ट-सैल करून द्यायच्या दुकानात ती कामाला होती, आणि एखादा माणूस दारातून आत आला की तिला त्याची कंबर आधी दिसायची, चेहरा मागाहून. सगळी इमारत तिला इंचीबाई म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि तिला त्याचा राग नव्हता.

"मी कालच सांगितलं होतं," इंचीबाई म्हणाली. "वळण लहान, खुर्ची मोठी. नाकापेक्षा मोती जड."

"अगं, पण आता काय करायचं ते सांग!" नवरा घामाघूम होऊन ओरडला.

"करायचं काय? बाबा, आमच्याकडे नियम आहे. एक आत, एक बाहेर. ही महाराणी आत आली तर आपल्या चौघांतल्या एकाला बाहेर राहावं लागेल. बोला, कोण राहतंय?"

सगळे हसले. लाँड्रीवाला इतका हसला की खुर्ची त्याच्या हातून दोन पायऱ्या खाली घसरली, आणि एकदा घसरली म्हटल्यावर तळमजल्यापर्यंत नेऊन सोडणंच सोपं पडलं. ती लाँड्रीच्या दारापाशी विसावली. सासरेही हसले होते. पण सगळ्यांचं हसून झाल्यावर ते इंचीबाईकडे जरा वेळ बघत राहिले आणि मग "बरोबर आहे, बरोबर आहे," असं पुटपुटत जिना चढायला लागले. थट्टा कुणाशी करतोय ते बघून करावी म्हणतात. इंचीबाईने ते त्या दिवशी बघितलं नाही.

नियम मात्र खरा होता. घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. त्यात ती, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तिचा नवरा आणि नऊ वर्षांची लेक. लेकीला घरात चिमणी म्हणत, कारण ती सकाळी उठल्यापासून बोलत असे. या घरात टेबलाचे पाय मिटायचे, खुर्च्या खिळ्याला टांगल्या जायच्या आणि पलंगाच्या पोटात थंडीचे कपडे असायचे. नवी वस्तू आली की जुनी जायची. जाणारी वस्तू सकाळी दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायची. जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला हवी असेल तर त्याने न विचारता न्यायची. संध्याकाळपर्यंत कुणी नेली नाही तर ती मुकाट घरात परत घ्यायची, म्हणजे ती अजून आपलीच. त्या स्टुलाला सगळे 'जायचं स्टूल' म्हणत. आता तर खालचे-वरचे शेजारीही आपल्या वस्तू त्यावर आणून ठेवत. मोठ्या घरांतल्या लोकांना असल्या नियमांचं हसू येतं. त्यांनी खुशाल हसावं. इंचीबाईच्या घरात शोधूनही न सापडणारी एकही वस्तू नव्हती, आणि महिनाअखेरीला कुणाच्या दारात जायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती.

सासरे आले ते तात्पुरते. त्यांचं केस कापायचं दुकान आणि दुकानामागची राहती खोली, दोन्ही मालकाने परत घेतली होती. थोरल्या मुलाचं घर ऐसपैस होतं. तिथे नुसत्या चपलांना एक खोली होती. पण त्या घरात रंगकाम चाललं होतं. ते संपेपर्यंत बाबा धाकट्याकडे राहतील आणि मग थोरला गाडी घेऊन येईल आणि घेऊन जाईल, असं फोनवर ठरलं. इंचीबाईला कुणी विचारलं नाही आणि तिनेही काही सांगितलं नाही. थोरल्याकडे खोली आहे, आपल्याकडे नाही. सरळ हिशेब होता.

तो हिशेब पहिल्याच आठवड्यात बिघडला, कारण म्हातारा तिला आवडला.

सासरे म्हणून नव्हे. तो मान तर ती लग्न झाल्यापासून देतच होती, सणासमारंभाला वाकून. पण आता ते रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून शेंगा सोलायचे आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे. टक्कल पडलेला एक गृहस्थ आठवड्यातून एकदा नुसता गप्पा मारायला खुर्चीत बसायचा आणि जाताना "जरा बारीकच केलेत हं" म्हणायचा, ही गोष्ट ऐकून इंचीबाई इतकी हसली की भाजी करपली. नवरा आतून धावत आला. करपलेल्या वासाने नव्हे, तिच्या हसण्याने. किती तरी वर्षांत त्याने ते ऐकलं नव्हतं. मावशीच्या घरात वाढलेल्या इंचीबाईला वडील म्हणजे काय ते ऐकून माहीत होतं. आता कुणीतरी "सूनबाई, आज उशीर झाला का गं?" असं विचारायला दारात उभं असायचं, आणि तिला ते हवंहवंसं झालं होतं. बाबांनी इथेच राहावं असं तिला मनापासून वाटत होतं.

पण राहायचं कुठे? रात्री ते स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचे. ओट्याकडे डोकं आणि मिटलेल्या टेबलाखाली पाय. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," असं म्हणून ते हसायचे, पण सकाळी उठताना गुडघे धरून उठायचे. या वयात जमिनीवर झोपणं म्हणजे काय, हे तिला दिसत होतं. एक अरुंद पलंग हवा होता. ती टेप घेऊन घरभर फिरली. खिडकीखाली मापलं, दारामागे मापलं, स्वयंपाकघरात तर तीनदा मापलं. कुठेच बसेना.

एक कोपरा मात्र तिने मापला नाही. खोलीत कपाटाच्या पलीकडे एक पडदा होता आणि पडद्यामागे चिमणीचा पाळणा होता. लाकडी, चांगला मोठा, वर जुनी चादर टाकलेला. चिमणीनंतर दोनदा आशा लागली होती आणि दोन्ही वेळा ती मोडली. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता पुरे. त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत त्या स्टुलावरून किती वस्तू गेल्या, त्याची गणती नव्हती. नवऱ्याची सायकल गेली, तिच्या लग्नातली मोठी पेटी गेली. पाळणा गेला नाही. नवरा त्याबद्दल बोलायचा नाही, आणि चिमणीलासुद्धा, जी कशाबद्दलही बोलायची, तो पडदा ओढायचा नाही हे न सांगता कळलं होतं. दुसऱ्याच्या घरातली फुकट जाणारी जागा इंचीबाईला दारातून दिसायची. स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार होता.

पलंग जमत नाही म्हटल्यावर तिने दुसरा मार्ग धरला. बाबांना इथे आपलं वाटावं म्हणून ती त्यांच्यासाठी एकेक वस्तू आणायला लागली. आधी एक चांगली उशी आणली. "बाबा, ही तुमची," एवढंच म्हणून तिने ती त्यांच्या हातात दिली. यापुढचं वाक्य तिच्या तोंडातून कधी निघतच नसे.

दुसऱ्या दिवशी जायच्या स्टुलावर सासऱ्यांचा जाड कोट होता. दुपारपर्यंत कुणीतरी नेलासुद्धा.

मग तिने त्यांच्यासाठी दांडीचा मोठा पेला आणला, कारण त्यांना चहा भरपूर लागायचा. दुसऱ्या दिवशी स्टुलावर त्यांचा रेडिओ. तिने घरात घालायच्या मऊ चपला आणल्या, तर लांब दांड्याची छत्री गेली.

म्हातारा सामान कमी करतोय, इंचीबाईला वाटलं. थोरल्याच्या घरी सगळं नवं मिळणार, मग हे कशाला वागवायचं? चालले आपले हलके होऊन. आणि मी खुळी उशा आणतेय! वाईट वाटलं की ती चिडायची आणि चिडली की कमी बोलायची. तिचं "हो", "नाही", "ताट वाढलंय" एवढ्यावर आलं. सासऱ्यांनीही मग गोष्टी सांगणं कमी केलं. दोघं समोरासमोर बसून मुकाट्याने शेंगा सोलायची आणि चिमणी एकटी बडबडायची.

"आईचं आणि आजोबांचं भांडण झालंय का?" तिने बापाला विचारलं.

"भांडण झालं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. चष्म्याच्या दुकानात राहून त्याला लांबचं जरा बरं दिसायचं, पण बोलायची हिंमत त्याच्यातही नव्हती.

शुक्रवारी थोरल्याचा फोन आला. रंग झाला होता. रविवारी सकाळी तो येणार होता. इंचीबाई दुकानातून परत येताना एक रजई घेऊन आली. आता कशाला, असं तिचं तिलाच वाटलं, पण नव्या घरी तरी पांघरतील म्हणून आणली. "बाबा, ही तुमची," ती म्हणाली. सासऱ्यांनी रजई हातात घेतली, तिचं कापड बोटांनी चाचपलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की तिने पटकन पाठ फिरवली.

शनिवारी सकाळी स्टुलावर एक चामडी पाकीट होतं. तिने उघडून पाहिलं तर आत त्यांची कात्री आणि कंगवा. हयातभर चालवलेली कात्री, अजून केस चिरेल अशी धार. इंचीबाईचा संताप झाला. कात्रीवर पोट असणाऱ्या माणसाने कात्री अशी जिन्यात ठेवावी? तिने इकडेतिकडे बघितलं आणि पाकीट उचलून आपल्या शिवणाच्या खणात टाकून दिलं. नियमात बसत होतं. स्टुलावरची वस्तू जो पहिला नेईल त्याची.

रविवारी ती दूध आणायला खाली गेली तेव्हा सासरे आंघोळीला गेले होते. ती वर आली, शेवटचं वळण घेतलं आणि पायरीवरच थांबली.

जायच्या स्टुलावर सासरे बसले होते. धुतलेला सदरा, नीट विंचरलेले केस, मांडीवर एक लहानशी पिशवी. शाळेतल्या शिक्षा झालेल्या मुलासारखे ताठ.

"बाबा, इथे का बसलात?"

"बसलो नाही गं, सूनबाई. ठेवलंय. मला मीच ठेवलंय."

"म्हणजे?"

"नियम आहे ना तुझा," ते शांतपणे म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "चांगला नियम आहे. उशी आली, कोट गेला. पेला आला, रेडिओ गेला. चपला आल्या, छत्री गेली. परवा तू रजई आणलीस, तर कात्री ठेवली. आता माझ्याकडे ठेवायला काही उरलं नाही. आणि मी स्वतः आत आलो, त्याच्या बदल्यात काय बाहेर गेलं? ते राहूनच गेलं होतं. म्हटलं, थोरला येईल तर त्याला शोधायला नको."

दुधाची पिशवी इंचीबाईच्या हातातून सुटली. फुटली नाही, एवढंच नशीब. ती खालच्या पायरीवर मटकन बसली.

"अहो बाबा, त्या सगळ्या वस्तू मी तुम्ही राहावं म्हणून आणत होते!"

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. "मला वाटलं, एकेक आणून तू मला नियमाची आठवण करून देतेस."

"आणि मला वाटलं, तुम्ही थोरल्या भाऊजींकडे जायला मोकळे होताय!"

"तू काही बोलली नाहीस."

"मला बोलता येत नाही, बाबा." तिचे डोळे भरून आले. "मला नुसती मापं घेता येतात."

म्हातारा स्टुलावर जरा पुढे सरकला. मग म्हणाला, "मग माप घेऊनच सांग. मला जायचं नाही, सूनबाई. त्या मोठ्या घरात मी हाक मारली तर ती कुणापर्यंत पोचायची नाही. पण इथे तुम्हाला अडचण करूनही राहायचं नाही. जागा असेल तर आहे म्हण. नसेल तर नाही म्हण. मला वाईट वाटणार नाही."

वाईट वाटणार होतं. ते तिला दिसत होतं, आणि खोटं बोलणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं. ती उठली आणि आत गेली. नवरा दारातच उभा होता, सगळं ऐकत. त्याच्या बाजूने ती कपाटापलीकडे गेली, पडदा ओढला आणि गळ्यातली टेप काढली. भिंतीपासून कपाटापर्यंत लांबी घेतली. मग रुंदी घेतली. मग पुन्हा एकदा लांबी घेतली, कारण डोळ्यांतल्या पाण्याने आकडे धड दिसत नव्हते.

"अगं, राहू दे," नवरा हळूच म्हणाला. "आपण दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं सगळं बघून झालंय. धरा त्या बाजूने."

त्याने धरलं. दोघांनी पाळणा दाराबाहेर आणला. चिमणी चक्क एक शब्दही न बोलता दार धरून उभी राहिली. लाकडावर तिच्याच पहिल्या दातांच्या खुणा होत्या.

"बाबा, उठा," इंचीबाई म्हणाली. "स्टूल मोकळं करा."

"पोरी, हे नको. माझ्यापायी हे नको."

"तुमच्यापायी नाही. हा सहा वर्षं जागा अडवून बसलाय आणि माझी छाती झाली नाही. उठा म्हणते ना! तुम्हाला कुणी न्यायच्या आधी मीच नेतेय. पहिला हात माझा." तिने त्यांच्या दंडाला धरून उठवलं आणि आत उंबऱ्याच्या पलीकडे उभं केलं. मग स्टुलावर पाळणा ठेवला. तो इतका मोठा होता की स्टूल त्याच्याखाली दिसेनासं झालं. "आणि नीट ऐका. तो नियम वस्तूंचा आहे, माणसांचा नाही. पुन्हा त्या स्टुलावर बसलात तर बघा."

सासऱ्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि पिशवी खिळ्याला अडकवली.

थोरला आला तो धापा टाकत. मोठ्या घरात राहणाऱ्या माणसाला जिन्याची सवय नसते. माणूस वाईट नव्हता. त्याने मिठाईचे पुडे आणले होते, बापाची खोली कशी रंगवली त्याचे फोटो आणले होते. सगळी हकिगत ऐकून तो पाळण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण बाबा, इथे तुम्ही मावणार कसे?"

"माप घेऊन झालंय," बाबा ऐटीत म्हणाले. "तू ते सोड. केस किती वाढवलेस! डोक्यावर घरटं झालंय. चल खाली." मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "पण कात्री..."

इंचीबाईने शिवणाचा खण उघडला आणि चामडी पाकीट त्यांच्यापुढे धरलं. "पहिला हात माझा होता. आता मी देतेय. आणि बदल्यात काही ठेवायचं नाही."

खाली लाँड्रीच्या दारापाशी ती महाराणी खुर्ची होतीच. लाँड्रीवाला तिच्यात बसून चहा प्यायचा. त्याने एका उडीत जागा दिली. थोरला बापाला न्यायला आला आणि गळ्याभोवती धुतलेली चादर बांधून खुर्चीत बसला. बाबांनी खुर्ची एकदा गर्रकन फिरवली आणि कात्री चालायला लागली. पंधरा मिनिटांत चार माणसं रांगेला लागली. "रोज सकाळी इथेच बसा की," लाँड्रीवाला म्हणाला, "इस्त्रीला आलेला माणूस केसही कापून जाईल." थोरल्याची मान हलकी झाली आणि तो एकटाच गाडीत बसून परत गेला. जाताना धाकट्याच्या बायकोला एवढंच म्हणाला, "तुमच्याकडे यायचं तर मलाही काहीतरी बाहेर ठेवावं लागेल का?"

"चपला," ती म्हणाली. "दाराबाहेर. बाकी चालतं."

दुपारी पहिल्या मजल्यावरची नर्स वर आली. तिला सातवा महिना चालू होता. ती पाळण्यापाशी उभी राहिली, एकदा हात लावला, मागे घेतला. "हा खरंच जायचा आहे का?"

"स्टुलावरची वस्तू विचारून न्यायची नसते," इंचीबाई म्हणाली. "घेऊन जा गं. डावीकडची कडी जरा कुरकुरते, तेल घाल."

नर्सच्या नवऱ्याने आणि लाँड्रीवाल्याने पाळणा खाली नेला. वळणावर तो अडकला नाही. इंचीबाई कठड्याला धरून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती आणि मग मोकळेपणाने रडली. सासरे मागे येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती शांत होईपर्यंत काढला नाही.

संध्याकाळपर्यंत पलंगही झाला. लाँड्रीवाल्याने इस्त्रीचं जुनं लांब टेबल दिलं, नवऱ्याने त्याचे पाय कापून ते बुटकं केलं आणि पडद्यामागे सरकवलं. वर गादी, उशी, रजई. सासरे आडवे झाले. टेबलाखालची सवय म्हणून त्यांनी गुडघे पोटाशी घेतले.

"सरळ करा, बाबा," इंचीबाई म्हणाली.

त्यांनी भीत भीत एक पाय सरळ केला, मग दुसरा. पाय कुठेच लागले नाहीत. तिने टेप त्यांच्या टाचेपासून भिंतीपर्यंत धरली. "चार बोटं उरलीत."

"त्या चार बोटांत काय ठेवायचं?" चिमणीने विचारलं.

इंचीबाईने टेप गुंडाळली आणि खणात ठेवली. "काही नाही," ती म्हणाली. "आजोबांना पाय ताणायला राहू दे."